आख, एक्सल आणि गॅरेजच्या वह्या

आमच्या पट्ट्याचा इतिहास लिहिणारे लोक जमिनीचा इतिहास लिहितात, आणि ते बरोबरच आहे. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नवं शहर वसवायला घेतली गेली, हे लिहिलंच पाहिजे. पण जमीन गेल्यावर माणसांनी हातात काय धरलं, ते फारसं कोणी लिहीत नाही. कोणी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपनीत लागला, कोणी रेतीच्या धंद्यात गेला, कोणी रिक्षा घेतली, कोणी पाना धरला. मी पाना धरणाऱ्यांविषयी लिहितोय. त्यातही एका कामाविषयी. गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेर काढायचा तर आधी पुढचे एक्सल काढावे लागतात, त्या कामाविषयी.

तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? तर माझ्याकडे त्याचे कागद आहेत. माझा धाकटा भाऊ मेस्त्री. तो आठवीत शाळा सोडून गेला, मी १९७६ साली दहावी झालो. त्यामुळे त्याच्या गॅरेजचा हिशेब पहिल्या दिवसापासून माझ्याकडे. दिवसा शेतावर, संध्याकाळी गॅरेजच्या बाकड्यावर वही घेऊन, असं माझं आयुष्य गेलं. गाडी कधी आली, काय बिघडलं, काय काढलं, काय नवीन घातलं, किती पैसे आले, किती राहिले, सगळं मी लिहून ठेवलंय. १९८८ पासूनच्या वह्या लोखंडी पेटीत आहेत. काहींना वाळवी लागली, काहींना २००५ चं पाणी लागलं, पण वाचता येतात.

आधी आखाचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

आमच्याकडे बैलगाडीच्या कण्याला आख म्हणत. आख लोखंडी, चाकं लाकडी, चाकावर लोखंडी धाव. खारातलं भात घरी आणायचं, पेंढा आणायचा, मिठागरावरचं मीठ रस्त्यापर्यंत न्यायचं, सगळं याच गाडीवर. पावसाळाभर गाडी पडवीला उभी असायची. दसऱ्याच्या आधी बाबा गाडीला टेकू लावायचे, आखाच्या टोकाची खीळ काढायचे, चाक ओढून बाहेर काढायचे आणि आखाला वंगण फासायचे. चाक धरून उभं राहायचं काम आम्हा पोरांचं. तेव्हा एक गोष्ट डोळ्यांनी बघितलेली की आख फिरत नाही, चाक फिरतं. आख फक्त वजन झेलतो. ओढायचं काम बैलांचं, आणि बैल पुढे.

सिडको १९७० साली स्थापन झाली. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ साली खुला झाला. पुलाच्या आधी मुंबई आम्हाला होडीतून किंवा ठाण्यावरून वळसा घालून दिसायची. पूल झाल्यावर ती बसच्या एका तिकिटावर आली. आमची खारातली जमीन गेली. पारसिकच्या डोंगरापलीकडे आजोळकडची दोन एकर राहिली, ती मी आजपर्यंत लावतो. पण दोन एकरात दोन भावांची घरं चालत नाहीत. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईचं आंदोलन झालं, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. ते सगळं व्हायच्या आधीच, १९८० च्या सुमारास, आमचा धाकटा सोळा वर्षांचा असताना कुर्ल्याला एका गॅरेजात कामाला लागला.

कुर्ला म्हणजे फियाटचं माहेर. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना तिथे. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यावर गाडी बनायची. आधीची गोल पाठीची ती डुक्कर फियाट, मग फियाट ११००, मग १९७० नंतर तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. त्यामुळे कुर्ल्यात ज्याने पाना धरला, तो फियाटवरच शिकला.

फियाटची रचना शेतकऱ्याच्या पोराला समजायला सोपी. इंजिन पुढे, उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेलं. त्याच्या मागे गिअरबॉक्स. गिअरबॉक्समधून एक लांब दांडा गाडीच्या पोटाखालून मागे जातो, तो प्रॉपेलर शाफ्ट. तो मागच्या डिफरन्शियलला फिरवतो आणि तिथून ताकद मागच्या दोन चाकांना. पुढची चाकं वजन झेलतात आणि वळतात, बस्स. त्यांच्यापर्यंत इंजिनाची ताकद जात नाही. म्हणजे पुढच्या चाकांपुरतं बैलगाडीसारखंच, आख न फिरणारा आणि चाक फिरणारं.

म्हणून फियाटचं इंजिन काढायचं तर पुढच्या चाकांना हात लावायची गरज नसायची. बॉनेट काढा, रेडिएटर काढा, वायरी आणि पाइप सोडा, खालून प्रॉपेलर शाफ्ट सोडा, सायलेन्सरचा पाइप सोडा, मग चेनपुली लावून इंजिन तिरकं करत वर उचला. गिअरबॉक्स शेपटासारखा मागून येतो. धाकट्याने १९८८ साली गावात घराच्या बाजूला गॅरेज काढलं तेव्हा चेनपुलीला लोखंडी घोडा घ्यायला पैसे नव्हते. परसात आंबा होता, त्याच्या आडव्या फांदीला चेनपुली टांगली. गाडी ढकलत आंब्याखाली आणायची, इंजिन वर उचलायचं आणि मग गाडीच मागे ढकलून द्यायची. पुढची चाकं जागेवर असल्यामुळे गाडी ढकलता यायची. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचाच घोळ झाला.

पहिल्या दोन-तीन वर्षांच्या वह्यांत सगळ्या फियाट आणि थोड्या अ‍ॅम्बॅसिडर. "इंजिन उतरवले" असं मी लिहायचो. एक्सल हा शब्द आला तर मागच्याच एक्सलचा.

मारुती ८०० पहिल्यांदा दिल्लीत १४ डिसेंबर १९८३ रोजी गिऱ्हाइकाच्या हातात पडली. आमच्या गावात यायला तिला काही वर्षं लागली. पहिली आली ती एका बिल्डरच्या सुपरवायझरची, क्लच प्लेट गेलेली. १९९० च्या वहीत तिची नोंद आहे. धाकट्याने बॉनेट उघडलं आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. इंजिन आडवं. तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं, पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या इंजिनापुढे लहान दिसणारं. गिअरबॉक्स मागे नाही, बाजूला. गाडीच्या पोटाखाली बघितलं तर प्रॉपेलर शाफ्टच नाही. गिअरबॉक्सच्या दोन्ही अंगांतून दोन दांडे निघून सरळ पुढच्या चाकांत घुसलेले.

बाबा तेव्हा होते. आंब्याखाली खाटेवर बसून बघत होते. धाकट्याने त्यांना सांगितलं की ही गाडी पुढच्या चाकांनी ओढते. बाबा म्हणाले, "मंग बरोबर हाय. बैल म्होरंच पायजे. मागशी ढकलनारा बैल कुनी बगितलाय?"

बाबांच्या तोंडून जे निघालं, ते युरोपातल्या इंजिनिअरांना कळत होतं, पण करता येत नव्हतं. ओढणारं चाक वळणारंही असलं, की दांड्याला फिरता फिरता वाकावं लागतं. फियाटच्या प्रॉपेलर शाफ्टला असतो तसा साधा क्रॉसचा सांधा थोड्या कोनात चालतो. कोन वाढला की फिरणं सारखं राहत नाही, एका फेरीत कधी जोरात कधी हळू होतं, आणि चाक गचके मारतं. आल्फ्रेड झेप्पा नावाच्या इंजिनिअराने १९२० च्या दशकात पोलादी गोळ्यांचा सांधा शोधला. कितीही वळवा, फिरण्याचा वेग दोन्हीकडे सारखा. फ्रान्सच्या सित्रोएनने १९३४ साली पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी मोठ्या प्रमाणावर काढली. इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी १९५९ च्या मिनी गाडीत इंजिन आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स त्याच्या खाली, एकाच तेलात घातला.

पण मारुतीत दिसते ती रचना, म्हणजे आडवं इंजिन, त्याच्या टोकाला गिअरबॉक्स आणि त्यामुळे एक दांडा आखूड, एक लांब, ही फियाटच्या दान्ते जाकोसा यांनी रुळवली. १९६४ साली ऑटोबियांकी प्रिमुला या गाडीत आणि मग १९६९ च्या फियाट १२८ मध्ये. पुढे जगातल्या बहुतेक छोट्या गाड्या याच वाटेने गेल्या. मला हे वाचून गंमत वाटली ती वेगळ्याच कारणाने. आपल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची मूळ इटालियन गाडी, १९५३ ची फियाट ११००, तीही याच जाकोसांच्या हाताखालची. म्हणजे आंब्याखाली फियाट उभी होती आणि मारुती उभी होती, त्या दोघींमागे डोकं एकाच माणसाचं.

आता मूळ काम. मारुतीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र उचलायचा, किंवा नुसती क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवायचा, तरी ते दोन दांडे मध्ये येतात. गॅरेजात त्यांना ड्राइव्ह शाफ्ट कमी आणि एक्सल जास्त म्हणतात. धाकट्याने ते काम कुर्ल्याच्या जुन्या उस्तादाकडे दोन रविवार जाऊन बघितलं आणि मग पोरांना शिकवलं. त्याची पद्धत मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे.

चाक जमिनीवर असतानाच मधला मोठा नट सैल करायचा, एकाने ब्रेक दाबून धरायचा. गाडी उचलल्यावर चाक फिरतं आणि नट हलत नाही. मग गाडी जॅकवर घेऊन दोन्हीकडे घोडी लावायची. जॅकच्या भरवशावर आणि विटांवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही. गिअरबॉक्सचं तेल आधी भांड्यात काढून घ्यायचं, नाहीतर एक्सल ओढला की ते अंगावर येतं. चाक काढायचं, खालचा बॉल जॉइंट सोडायचा, हब बाहेर ओढायचा, म्हणजे एक्सलचं दातेरी टोक हबातून सुटतं. अडकलं तर नट उलटा लावून त्यावर लाकूड ठेवून ठोकायचं, नुसत्या टोकावर हातोडा मारला तर आट्या बसतात. मग आतलं टोक. तिथे खाचेत एक बारीक तारेची रिंग असते. टॉमी लावून एक झटका द्यायचा, रिंग सुटते. पण दांडा सरळ ओढायचा, तिरका ओढला तर ऑइल सीलची कड कापते आणि नवीन सील घातल्याशिवाय तेल थांबत नाही. आखूड कोणता, लांब कोणता, ते वेगवेगळे ठेवायचे. एवढं झालं की क्लचची आणि अ‍ॅक्सिलरेटरची केबल, गिअरचे दांडे, मीटरची केबल, पाइप, वायरी आणि शेवटी माउंटिंग. मारुतीचं इंजिन इतकं हलकं की दोन दणकट माणसं बांबू घालून उचलत.

यात भांडण कशावरून? तर एक्सल पूर्ण काढायचे, की फक्त आतलं टोक सोडून दांडा तारेने बाजूला बांधायचा, यावरून. बाजूला बांधलं तर तासभर वाचतो, मोठ्या नटाला हात लावावा लागत नाही. घाईवाले तसं करायचे. काही तर तेवढंही करत नसत, इंजिन उचलताना एक्सल आपोआप सुटेल म्हणून ओढत. मग आतला सांधा निखळायचा, रबराचा बूट फाटायचा. गिऱ्हाइकाला लगेच कळत नाही. महिना-दोन महिन्यांनी फाटक्या बुटातून चिखलपाणी जातं, ग्रीस जातं, आणि वळताना चाकातून टक टक टक आवाज येतो. तोवर बिल वसूल झालेलं असतं.

धाकटा पूर्ण काढायचा. त्याचं म्हणणं असं की बाहेर आलेला एक्सल हातात घेऊन फिरवून बघता येतो, बूट बघता येतो, सांध्यात खडखड आहे का कळतं. पण पूर्ण काढायचीही एक अडचण होती, तीच मघाशी सांगितलेली. एक्सल नसलेली गाडी फियाटसारखी चाकांवर ढकलता येत नाही. तो मोठा नट आणि एक्सलचं टोक मिळून हबाचं बेअरिंग दाबून धरतात. ते नसताना वजन टाकून गाडी ढकलली की बेअरिंग खराब होतं. म्हणजे आंब्याखाली गाडी आणून इंजिन उचलायचं आणि गाडी मागे ढकलायची, हा आमचा जुना हिशेब संपला. तेव्हा धाकट्याने पाइपाचा, चाकं लावलेला घोडा करून घेतला. गाडी जागेवर उभी राहायची आणि घोडा इंजिन घेऊन फिरायचा. आंब्याला सुट्टी मिळाली.

बाजूच्या एका गावात एका गॅरेजमध्ये विटांवरची मारुती घसरली. खाली पोरगा होता, एक्सलचं आतलं टोक ओढत होता. जिवानिशी वाचला, पण उजवा हात पुन्हा नीट चालला नाही. त्याचंही घर जमीन गेलेलंच. त्या आठवड्यात धाकट्याने दोन घोड्यांच्या जागी चार घोड्या आणल्या. वहीत खर्च लिहिला आहे.

१९९२ साली लोकल वाशीपर्यंत आली. त्याच्या पुढेमागे साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळायला लागले, काहींनी ते विकले, आणि गावात गाड्या आल्या. झेन, एस्टीम, सँट्रो, टाटांची इंडिका. सगळ्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या. एक मारुतीची ओम्नी तेवढी वेगळी, तिचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि ओढणारी चाकं मागची. पण वह्या चाळल्या तर १९९५ नंतर "एक्सल काढले, दोन्ही" हे शब्द पानोपानी दिसतात आणि "प्रॉपेलर शाफ्ट" हा शब्द विरळ होत जातो. लोकांचं राहणीमान बदललं ते मला असं माझ्याच अक्षरात दिसतं.

मग २००५ चा २६ जुलै आला. मंगळवार होता. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. आमच्याकडचं सांगतो. नवे सेक्टर भराव घालून उंच केलेले, जुनं गावठाण होतं तिथेच, म्हणजे आता सखल. वरचं पाणी गावात उतरलं आणि भरतीच्या वेळी खाडीकडे जाईना. गॅरेजात कमरेएवढं पाणी. वह्यांची पेटी मी माळ्यावर चढवली, तरी दोन वह्या राहिल्याच.

पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवसापासून गाड्या यायला लागल्या. काही ओढून आणलेल्या, काही टेम्पोवर. ज्यांनी बुडालेली गाडी तशीच ठेवली होती, त्यांचं थोडक्यात भागलं. ज्यांनी चावी फिरवून बघितली, त्यांचं इंजिन गेलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की त्याला जागाच नसते, आणि वाकतो तो कनेक्टिंग रॉड. मग इंजिन खाली उतरवल्याशिवाय इलाज नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या. धाकट्याकडे तेव्हा तीन पोरं होती. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या तीन गाड्या होत्या, तो म्हणाला आधी माझ्या घे, मजुरी दुप्पट देतो. त्याच रांगेत एक मारुती ८०० होती, ड्रायव्हिंग स्कूलची, शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक असलेली. ती एका बाईंची. नवरा नाही, दोन मुलं शाळेत, आणि ती एकच गाडी. शेजाऱ्याने मदत म्हणून चावी फिरवली होती.

मला खरं सांगायचं तर मी दुप्पट मजुरीच्या बाजूचा होतो. हिशेब माझ्याकडे, उधारी किती आहे मला माहीत. धाकटा म्हणाला, "दादा, ज्या गाडीवर चूल पेटते ती आधी. त्यांच्या गाड्या दारात शोभेला हायत." मोठं गिऱ्हाईक रागावून गाड्या घेऊन गेलं आणि पुन्हा कधी आलं नाही. आजही मी त्या दुप्पट मजुरीचा आकडा वहीत बघतो, पेन्सिलने लिहून नंतर काट मारलेला. धाकट्याचं चुकलं असं मला वाटत नाही. पण त्या वर्षी गणपतीला घरात उसनवारी झाली हेही खरं, आणि त्याच्या बायकोने ती निभावली.

त्या बाईंच्या गाडीचं तेल काढलं तर गिअरबॉक्समधून दुधाळ चहासारखं तेल आलं. म्हणजे पाणी तिथेही गेलेलं. तो आठवडा सगळ्यांच्या घाईचा, एक्सल बाजूला बांधून तासभर वाचवावा असा. पोरांनी विचारलंही. धाकट्याने दोन्ही एक्सल पूर्ण काढले आणि बूट सोडून बघितले. एका बुटाला आधीपासून बारीक चीर होती, दिसायला नखाएवढी. आत ग्रीसच्या जागी राखाडी चिखल, बारीक रेती. दांडा तसाच बांधून ठेवला असता तर इंजिन नवं होऊन गाडी बाहेर पडली असती आणि दिवाळीच्या आत पुढचं चाक टकटकायला लागलं असतं. कदाचित एखादा शिकाऊ पोरगा चालवत असताना सांधा तुटला असता. गोळे डिझेलमध्ये धुतले, खड्डे पडलेत का बघितलं. नव्हते. नवीन ग्रीस, नवीन बूट, नवीन सील. इंजिनात एक रॉड वाकलेला निघाला, तो बदलला. गाडी सतराव्या दिवशी सुरू झाली. पैसे पाच हप्त्यांत आले, पाचही हप्त्यांच्या तारखा वहीत आहेत. पाचवा फेडायला बाई स्वतः गाडी चालवत आल्या.

मला वाटतं आमच्या लोकांनी या धंद्यात जी पत मिळवली ती अशीच मिळवली. आमच्याकडे सर्टिफिकेट नव्हतं, सातबारा नव्हता, बँकेत ठेवायला तारण नव्हतं. गिऱ्हाइकाला आत दिसत नाही तिथे आपण काय करतो, एवढीच आमची पत.

आता काळ पुन्हा फिरलाय. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या आसपास बंद झालं. मुंबईतल्या शेवटच्या नोंदलेल्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली आणि ती रस्त्यावरून गेली. मारुती ८०० चं उत्पादन त्याआधीच, जानेवारी २०१४ मध्ये थांबलं. धाकट्याचा मुलगा आयटीआय करून एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला आहे. तो सांगतो, "काका, आमच्याकडे बऱ्याच गाड्यांचं इंजिन वर काढतच नाहीत. खालच्या सांगाड्यासकट टेबलावर उतरवतात आणि गाडीच वर उचलतात." मी विचारलं, "आणि एक्सल?" तो म्हणाला, "ते आधी सोडावेच लागतात."

विजेच्या गाड्यांचंही तसंच निघालं. टाटांची २०२० साली आलेली विजेवरची नेक्सॉन घ्या. तिच्यात पेट्रोल नाही, सायलेन्सर नाही, क्लच प्लेट नाही. पण मोटर पुढे, आणि तिथून पुढच्या चाकांना तेच दोन दांडे, तेच रबराचे बूट. मोटर उतरवायची तर एक्सल काढावेच लागणार. फरक एवढाच की तिच्या नारिंगी केबलमधून जीव घेईल एवढी वीज वाहते आणि शिकल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. कुर्ल्याच्या उस्तादाकडे दोन रविवार जाऊन हे शिकता येणार नाही. यासाठी शाळा लागेल, यंत्रं लागतील, आणि त्याला पैसा लागेल. गावातल्या छोट्या गॅरेजवाल्यांपुढे आज हा खरा प्रश्न आहे. एकदा जमिनीवरून उठलो तेव्हा पाना हाताला लागला. आता पाना सुटला तर पोरांच्या हाताला काय लागणार, याचं उत्तर गावातल्या गावात मिळेल असं मला दिसत नाही. वाशी, तुर्भे, कळंबोलीच्या पट्ट्यात एवढी वाहनं उभी असतात. जुन्या मेस्त्र्यांना नव्या गाड्यांचं काम शिकवायची सोय तिथेच, मराठीत, संध्याकाळच्या वेळी झाली तर आमची पोरं येतील. मी खात्रीने सांगतो.

धाकट्याने आता साठी ओलांडली आहे. गुडघे दुखतात, घोडीखाली शिरत नाही, स्टुलावर बसून सांगतो आणि पोरं करतात. आंबा पडला, त्या जागी भाच्याचं घर झालं. चेनपुली आहे, तेल घातलं की फिरते. या पावसाळ्याच्या तोंडावर एक जुनी अल्टो आली आहे, वळताना टकटकणारी. वहीत नोंद केली आहे: डावा बूट फाटका, दोन्ही एक्सल काढणे.